खड्ड्यात टेप धरा, साहेब

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : गोठा, कांदाचाळ आणि त्यांच्या डोक्यावरच्या कैच्या

महोदय,

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या गोठ्याचं छप्पर शेजाऱ्याच्या डाळिंबात जाऊन पडलं. दुपारी चारपर्यंत अंगाची लाही होत होती. साडेचारला डोंगराकडून धूळ उठली आणि पाचच्या आत सगळा खेळ संपला. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद छप्पर. पत्रे, ते पेलणारे आडवे पर्लिन, त्यांखालच्या पाच त्रिकोणी कैच्या, सगळं एकसंध उचललं गेलं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं पलीकडच्या बांधावर उलथलं. गाई वाचल्या. एका कालवडीच्या पाठीवर पत्र्याची कड बसली, त्याचा वण अजून आहे.

हे छप्पर मी स्वतः केलं होतं. कुणा कारागिराला बोल लावायची सोय नाही. सिन्नर तालुक्यात माझी साडेतीन एकर जमीन आहे, आणि त्याआधी २८ वर्षं मी सरकारी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. या भागातल्या निम्म्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत माझे विद्यार्थी आहेत. तेव्हा माझ्या गोठ्याच्या कैच्या मी नाही करायच्या तर कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळिंबात उतरून मी एकेक जोड तपासला. एकही टाका सुटलेला नव्हता. खरं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला. बांधावरून आमच्या मंडळींनी विचारलं, ‘‘जोड चांगले असतील हो, पण छप्पर कुठंय?’’

मग मी खांबांकडे वळलो. वाऱ्याच्या बाजूचे पाचही खांब कांदा उपटावा तसे वर आले होते, बुडाशी काँक्रीटचा गड्डा घेऊन. गड्डा मोजला. खोली एक फूट. खोदताना मुरूम लागला, गडी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मी ‘‘चालेल’’ म्हणालो, हे मला तेव्हा आठवलं. माझ्या छपरातला सगळ्यात कच्चा भाग तो एक शब्द होता.

तुम्ही म्हणाल, एका माणसाचा गोठा उडाला, त्यासाठी मंत्र्याला खुलं पत्र कशाला? कारण साहेब, हे गोठे आणि या चाळी आता माझ्या एकट्याच्या राहिलेल्या नाहीत, त्यांत तुमचे पैसे आहेत. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली आणि रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७ हजार १८८ रुपये मिळू लागले. कांदाचाळीला फलोत्पादन अभियानातून टनामागे ३५०० रुपये मिळत आले, २५ टनांच्या चाळीला ८७ हजार ५००. (रोजगार हमी हे वेगळं खातं आहे, हे मला माहीत आहे. पण वारा खातं विचारून येत नाही, आणि गोठ्याचा धनी शेतकरीच असतो. म्हणून पत्र तुम्हाला.)

योजनेतल्या गोठ्याची मापं मला तोंडपाठ आहेत. लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर. गव्हाण ७.७ मीटर बाय ०.२ बाय ०.६५. मूत्रसंचय टाकं २५० लिटरचं, पिण्याच्या पाण्याची टाकी २०० लिटरची. गव्हाण सेंटिमीटरपर्यंत ठरवणाऱ्या माणसाला मी मानतो. त्याने जनावर चरताना पाहिलेलं असणार. पण माझ्या एका शेजाऱ्याच्या हाती जे अंदाजपत्रक आलं, त्यात छपरासाठी एकच ओळ होती, आणि तीही पत्र्याविषयी. कैची कशी, खांबाला कशी धरलेली, खांब जमिनीत किती, काहीच नाही. ते वेल्डरवर सोडलेलं. आणि वेल्डर कोणाचा विद्यार्थी, ते वर सांगितलंच आहे.

आता थोडं मागे जातो. आमच्या भागात माझ्या लहानपणी जनावरं दोन प्रकारच्या छपराखाली असत. ऐपतवाल्याचं धाब्याचं घर, माती थापलेलं, इतकं जड की त्याला वाऱ्याची भीतीच नाही, भीती पावसाची. बाकीच्यांचं छप्पर म्हणजे बाभळीच्या मेढी, त्यांवर आढं, वासे आणि वर उसाचं पाचट. पाचटातून वारा आरपार जातो. दर दोन-तीन वर्षांनी ते शाकारावं लागे, त्या निमित्ताने दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी वर चढून प्रत्येक बांध हाताने ओढून बघे. कोकणातल्या कौलारू घरातली सुताराची लाकडी कैची हा तर वेगळाच मान. तिथे खाच कुठे घ्यायची आणि कूस किती ठेवायची हे बापाने मुलाला आणि मुलाने नातवाला दाखवलेलं. त्या सुताराला गणित विचारलं तर आलं नसतं. पण त्याच्या आज्याने केलेली चूक त्याने केली नसती.

लोखंडी कैचीला आज्या नाही. आमच्या गावात पहिली पत्र्याची शेड माझ्या तरुणपणी आली. वेल्डिंग मशिन आधी आलं आणि अक्कल मागून यायची होती. ती अजून वाटेत आहे. आम्ही काय केलं, तर कारखान्याच्या शेडकडे खालून बघितलं, ते त्रिकोण डोळ्यांत साठवले आणि निम्म्या जाडीच्या पाइपात तेच त्रिकोण उतरवले. डोळ्यांना त्रिकोण दिसतात. बेस प्लेटखालचा बोल्ट किती खोल गेलाय, ते दिसत नाही.

इथे मला माझ्या स्वतःच्या ट्रेडविषयी बोललं पाहिजे. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड. त्या वर्षात आम्ही पोरांना रन कसा ओढायचा, करंट किती ठेवायचा, स्लॅग कसा झाडायचा, उभा आणि डोक्यावरचा जोड कसा करायचा, हे शिकवतो आणि चांगलं शिकवतो. हा जोड कशासाठी आहे, त्याला कोण कुठून ओढणार आहे, हे शिकवत नाही. मी २८ वर्षांत एकदाही फळ्यावर छप्पर काढून त्यावर वाऱ्याचा बाण काढला नाही. छप्पर म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या मनात बाण वरून खाली येतो. पत्र्याचं वजन, वर चढलेल्या माणसाचं वजन. छप्पर खाली पडू नये एवढीच चिंता. पण पत्र्याचं छप्पर खाली पडत नाही हो, ते वर जातं.

किती जोराने वर जातं, याचा हिशोब मी निवृत्त झाल्यावर, छप्पर गेल्यावर शिकलो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे. पुणे आणि नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईसाठी ४४, म्हणजे ताशी १५८. हा दिवसभर वाहणारा वारा नव्हे, तीन सेकंदांचा झोत. पण छपराला तीन सेकंद पुरतात. गंमत अशी की त्याच मानकात शेतावरच्या इमारतींचा वेगळा उल्लेख आहे. त्यांचं आयुष्य २५ वर्षं धरावं आणि वेगाला ०.९२ ने गुणावं, अशी सूट आहे. म्हणजे दिल्लीत बसून मानक लिहिणाऱ्यांना गोठा आठवला होता. ते मानक आमच्यापर्यंत पोचलं नाही, इतकंच.

ती सूट घेतली तरी आमच्याकडे दाब चौरस मीटरला साधारण ८० किलोच्या घरात येतो. तुमच्या योजनेतला गोठा ७.७ गुणिले ३.५, म्हणजे २६.९५ चौरस मीटर. वाऱ्याची ओढ त्या दाबाएवढीच धरली तर छपराला वर उचलणारा जोर सव्वादोन टनांच्या थोडा खाली. आणि छपराचं स्वतःचं वजन? अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, पाइप, पर्लिन सगळं धरून तीन-साडेतीनशे किलो. उरलेले १८०० किलो कोणीतरी धरून ठेवायला हवेत. गावात यासाठी पत्र्यावर दगड ठेवतात. पंधरा किलोचा एक दगड धरला तर १२० दगड लागतील. तेवढे ठेवले तर पत्रा वाकेल, आणि नाही ठेवले तर जे दहा-बारा ठेवलेत ते तोफेच्या गोळ्यासारखे जनावरांवर येतील. टायर आणि वाळूची पोती ही त्याच दगडाची भावंडं.

आता बघा, इलाज किती साधा आहे. दीड फूट बाय दीड फूट, दोन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला तर त्या गड्ड्याचं वजन ३०० किलोच्या आसपास. सहा खांबांचे १८०० किलो. वर बाजूच्या मातीची पकड, ती वेगळी. माझ्या एक फुटी गड्ड्यांच्या, म्हणजे निम्म्याच, वजनावर मी वाऱ्याशी पैज लावली होती आणि हरलो. फरक किती पैशांचा होता? दोन-चार पोती सिमेंट आणि गड्याचा एक दिवस.

अभियंता आपल्याला नेमकं काय देतो? लोकांना वाटतं तो जाड लोखंड देतो. खरं तर तो वाट आखून देतो. वाऱ्याने पत्रा ओढला की ती ओढ स्क्रूमधून पर्लिनमध्ये, पर्लिनच्या क्लीटमधून कैचीत, कैचीतून खांबाच्या माथ्यावर, तिथून बुडाच्या बोल्टात आणि शेवटी जमिनीत गेली पाहिजे. या साखळीतली जी कडी सगळ्यात नाजूक, तेवढीच साऱ्या छपराची ताकद. आमचा वेल्डर दोन-तीन कड्या भक्कम करतो, कारण त्या त्याच्या हाताखालच्या आहेत. स्क्रू पत्रेवाला मारतो, खड्डा गडी खणतो, आणि साखळी पूर्ण बघणारा कोणीच नसतो.

दुसरी एक गोष्ट मला त्या उलथलेल्या छपरात दिसली. माझ्या कैच्यांना खालचा टाय म्हणून मी १२ मिलिमीटरची सळई वापरली होती. गावात सर्रास वापरतात. स्वस्त, वजनाला हलकी. नेहमीच्या भाराखाली टाय ताणला जातो, आणि ताणाला सळई उत्तम. पण वारा वर ओढू लागला की कैचीतलं सगळं उलटं होतं. जो ताणला जात होता तो दाबला जातो. सळईला दाबून बघा, ती छडीसारखी वाकते. माझ्या पाचही सळया धनुष्य झाल्या होत्या. आधी वाटलं, आपटल्यामुळे वाकल्या असतील. पण पाचही मध्यावर आणि एकाच दिशेला? उलट्या भाराखाली येणारा टाय किती सडपातळ चालेल, याची मर्यादा आयएस ८०० मध्ये दिलेली आहे. माझी सळई त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर होती. खड्डे खोल असते तर कदाचित खांब राहिले असते आणि कैच्या दुमडल्या असत्या. उडण्याऐवजी कोसळलं असतं. गाईंच्या दृष्टीने ते अधिक वाईट.

आणि गोठा, कांदाचाळ यांचं दुखणं कारखान्यापेक्षा अवघड आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण हे कोणी ध्यानात घेत नाही. कारखान्याला भिंती असतात. दारं लावली की वारा बाहेर राहतो. कांदाचाळ उघडीच असावी लागते. खालून हवा, बाजूंच्या पट्ट्यांतून हवा, नाहीतर कांदा सडला. म्हणजे वारा बाहेरून पत्रा ओढतो आणि आत शिरून खालून ढकलतोही. वर तो पत्रा कांद्यावर पाणी पडू नये म्हणून बाजूला दोन-तीन फूट बाहेर काढलेला. वाऱ्याला हात घालायला जागा करून दिल्यासारखं. ज्या शेडला सगळ्यात घट्ट धरून ठेवायला हवं, तीच आपण सगळ्यात हलकी बांधतो.

मग अभियंत्याकडे का जात नाही? गेलो होतो. छप्पर गेल्यावर शहरात एका अभियंत्याच्या कार्यालयात गेलो. माणूस सज्जन, हिशोब पक्का. त्याने संगणकावर आकडे घातले आणि मला एका छोट्या कारखान्याचा नकाशा दिला. आय सेक्शनचे खांब, बुडाशी मोठी बेस प्लेट, एवढं लोखंड की गोठ्याच्या किमतीत चार गाई आल्या असत्या. वर, त्याच्या नकाशात बेस प्लेट जमिनीच्या पातळीला होती. मी विचारलं, ‘‘साहेब, इथे रोज शेण-मूत पडणार, हे बोल्ट किती वर्षं टिकतील?’’ त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न त्याला कुठल्याच परीक्षेत आला नव्हता. आमच्या गावचा कुठलाही वेल्डर सांगेल की गोठ्याचा खांब डोक्यात नाही, घोट्यात मरतो. जमिनीपासून चार बोटांवर तो कुजतो. पाइपचं तोंड उघडं राहिलं तर आत पाणी साठून आतूनही. म्हणून काँक्रीटचा ओटा जमिनीवर नऊ इंच तरी वर घ्यावा आणि प्लेट त्यावर बसवावी. हे ज्ञान गावाकडे आहे, कागदावर नाही.

त्यामुळे साहेब, प्रत्येक गोठ्याला अभियंत्याच्या सहीची सक्ती करा, असं मी म्हणणार नाही. कृपा करून ती करू नका. सही विकत मिळते. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर जो फलक कोसळला आणि १७ माणसं गेली, त्याच्याही नावे स्थैर्याचा दाखला होता. त्या दाखल्याने पाया एका इंचानेही खोल झाला नाही. गोठ्याला सहीची अट घातली तर तालुक्याला एक माणूस शिक्का घेऊन बसेल, अनुदानातून त्याचा वाटा जाईल आणि खड्डा एक फूटच राहील.

मला हवं आहे ते वेगळं. भारतीय मानक ब्युरोने १९८७ मध्ये पोलादी कैच्यांच्या तयार आरेखनांचं एक पुस्तक काढलं, एसपी ३८. आकडेमोड आधीच केलेली. लांबी, उतार, वारा बघायचा आणि कैची उचलायची. कल्पना उत्तम, पण पुस्तक कारखान्यांच्या शेडसाठी आणि इंग्रजीत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही त्याचं नाव ऐकलेलं नाही. मीही ऐकलं नव्हतं. अमेरिकेत याच तऱ्हेचं काम शेतासाठी झालं. तिकडच्या मध्य-पश्चिमी राज्यांतल्या कृषी विद्यापीठांनी मिळून मिडवेस्ट प्लॅन सर्व्हिस चालवली आणि शेतकऱ्याला घरच्या घरी करता येतील अशा लाकडी कैच्यांचे नकाशे छापून दिले. प्लायवूडचा तुकडा केवढा, खिळे किती, गोंद कुठला, सगळं. कैची घरचीच, हिशोब मात्र अभियंत्याचा.

आपल्याकडे चार कृषी विद्यापीठं आहेत : राहुरी, अकोला, परभणी, दापोली. चारही ठिकाणी कृषी अभियांत्रिकी शिकवतात, आणि शेतावरच्या इमारती हा त्यांचा विषय आहे. सगळ्यांचा वारा सारखा नाही. दापोलीकरांना तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ कोणी सांगायला नको. या चौघांना काम द्या. गोठ्याच्या तीन आणि चाळीच्या दोन मापांच्या कैच्या, आपापल्या भागातल्या वाऱ्यासाठी. मराठीत. गावात मिळणाऱ्या अँगल आणि चौकोनी पाइपात, कॅटलॉगातल्या नव्हे. पाइप किती गेजचा, जोडाला टाका चालणार नाही तर पूर्ण वेल्ड किती लांब, कडेच्या आणि वळचणीच्या ओळीला स्क्रू किती जवळ, आणि ठळक अक्षरांत, खड्डा किती. नकाशा एका पत्रकावर मावेल एवढा, दुकानाच्या भिंतीवर चिकटवता येईल असा. काढल्यावर छापण्याआधी एकेक चार वेल्डरांना दाखवा आणि ते हसले तर कुठे हसले ते लिहून घ्या.

आयटीआयच्या वेल्डर ट्रेडमध्ये दोन दिवस या कैचीला द्या. ते खातं तुमचं नाही, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत बाजूला बसणाऱ्याला सांगता येईल.

आणि शेवटचं, फुकटातलं. अनुदान देण्याआधी तुमचा माणूस मोका तपासणीला येतो, चाळीची लांबी-रुंदी मोजतो, जिओ टॅग फोटो काढतो. फोटोत रंगवलेली शेड, शेतकरी आणि योजनेचा फलक. त्या फोटोत खड्डा दिसत नाही, कारण तो तोवर बुजलेला असतो. एक फोटो आधी घ्या. काँक्रीट ओतण्यापूर्वी, खांब उभा असताना, खड्ड्यात टेप धरून. आकडा वाचता आला तर पहिला हप्ता सोडा. यासाठी ना मोठा नवा शासन निर्णय लागेल, ना नवा अधिकारी. शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल आहेच.

माझा गोठा मागच्या डिसेंबरात पुन्हा उभा केला. कैच्या मीच केल्या, माझ्या एका विद्यार्थ्याने वेल्ड मारले. टाय आता अँगलचा आहे. खड्डे सव्वादोन फूट; मुरूम लागला तेव्हा गडी थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि मी पहार आणायला सांगितली.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
ता. सिन्नर, जि. नाशिक